आईचा पिवळा बिल्ला

आमच्या घरात संत्र्यांचा आंबिया बहार नाकाने कळायचा. संध्याकाळी आईने दारात पाय ठेवायच्या आधी संत्र्याचा वास आत यायचा. तिच्या हातांना, पदराला, केसांना तो इतका मुरलेला असायचा की दोनदा साबण लावूनही जात नसे. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्याच्या बाहेर संत्र्याच्या पॅकिंगचे शेड होते, त्यांतल्या एकात ती संत्री निवडायची. मोठी वेगळी, मधली वेगळी, डागी वेगळी. डागी संत्री बायकांना घरी न्यायला मिळत, त्यामुळे ते दोन-तीन महिने आमच्याकडे प्रत्येक जेवणानंतर संत्रं, मधल्या वेळी संत्रं, पाहुणा आला की संत्रं. मी आणि प्रज्ञाताई इतक्या कंटाळायचो की शेजाऱ्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवून यायचो. आता शहरातल्या दुकानात मेण लावून चकाकवलेली संत्री दिसली की मी एक उचलून नाकाशी धरते. दुकानदार माझ्याकडे संशयाने पाहतो. त्या संत्र्यांना वास नसतो हे त्याला कोण सांगणार?

बाबा नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर होते. टाकीखालचे वॉल खोलायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. आमच्या मोहल्ल्याचं पाणी सकाळी सहाला, नदीपलीकडच्यांचं सातला, बाजाराकडचं आठला. मनगटावरचं घड्याळ ते अंघोळीलाही काढायचे नाहीत, आणि वॉलच्या बाबतीत ते एक मिनिट इकडचं तिकडे होऊ देत नसत. एकदा मोहल्ल्यातल्या एका लग्नघरी पाणी संपलं म्हणून वरपिता स्वतः हात जोडत टाकीवर आला, तर बाबांनी त्याला घरचे दोन हंडे भरून दिले पण वॉलला हात लावला नाही. आई त्यावरून त्यांना कित्येक वर्षं टोचत राहिली. "नवरदेवाच्या बापाले परत पाठवणारा माणूस," असं ती त्यांची ओळख करून द्यायची, आणि बाबा मिशीत हसायचे. मला मात्र त्या टाकीचं वेगळंच अप्रूप होतं. टाकीखालच्या पंपाच्या खोलीत वीज कधी जायची नाही, आणि अख्ख्या मोहल्ल्यात मोबाइलला नेट धरायचं ते तिथेच. बारावीला बरे नंबर आले म्हणून सरकारकडून मिळालेला लॅपटॉप घेऊन मी कॉलेज सुटल्यावर तिथे जाऊन बसायची. पाठीमागे पंप घुरघुरायचा, डोक्यावर टाकीत पाणी पडत राहायचं, आणि बाबा दाराशी स्टुलावर बसून पेपर वाचायचे.

त्या वर्षी प्रज्ञाताईचा नंबर नर्सिंगला लागला. आमच्या मोहल्ल्यातून नर्सिंगला जाणारी ती पहिली मुलगी. राखीव जागा होती, आणि महिनाअखेरपर्यंत जातीचा कायमचा दाखला आणून दिला नाही तर ती जागा पुढच्या मुलीला जाणार होती. दाखला मिळायला एकच अडचण होती, पण ती डोंगराएवढी होती. आमच्या भागातल्या बऱ्याच बौद्ध कुटुंबांची मुळं विदर्भातली. त्यामुळे तहसिलीत पहिला प्रश्न हाच यायचा की तुम्ही मूळचे इथलेच कशावरून? पन्नास सालच्या आधीपासून तुमचं माणूस या मातीत होतं असा एक तरी सरकारी कागद दाखवा. आमच्याकडे शेत नव्हतं, त्यामुळे जमिनीचा कागद नव्हता. घराचा कागद बाबांच्या नावाचा, म्हणजे कालपरवाचा. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील दशरथ, चार इयत्ता शिकले होते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेच्या रजिस्टरात त्यांचं नाव सापडलं तर काम होणार होतं. आमचं मूळ गाव सौंसर तालुक्यातलं मोहगाव, म्हणून बाबा मोहगावच्या चकरा मारून आले, सौंसरच्या चकरा मारून आले. मंगळवारी गेले की बस जामसांवलीला जाणाऱ्या भक्तांनी भरलेली, म्हणजे हनुमानाच्या दारापर्यंत उभ्याने प्रवास. सौंसरच्या तहसिलीतले बाबू माणूस म्हणून वाईट नव्हते. "भाऊ, मी तुमाले ओळखतो, पन मी ओळखून काय फायदा? कागदानं ओळखलं पायजे," असं ते म्हणायचे. त्यांनीच सांगितलं की जुनी शाळेची रजिस्टरं आता नेटवर चढवली आहेत, पोरी शिकलेल्या आहेत, तिथे पाहून घ्या.

पाहून घ्या म्हणणं सोपं होतं. त्या वेबसाइटवर बाबांच्या मोबाइल नंबराने खातं उघडलं, पासवर्ड टाकून आत गेलो, तर नाव टाकून शोधायची सोयच नव्हती. गाव निवडा, साल निवडा, मग एकेक पान उघडा. पानावर वीस नावं. नाव, वल्द म्हणजे बापाचं नाव, जात, कोणी शाळेत आणलं त्याचं नाव, आणि रजिस्टराचा पान क्रमांक. पान उघडायला बराच वेळ लागायचा, आणि थोड्या वेळाने साइट आपोआप बाहेर काढून टाकायची. पुन्हा पासवर्ड, पुन्हा गाव, पुन्हा साल, पुन्हा पहिल्या पानापासून. ताई आणि मी आळीपाळीने दोन दिवस बसलो आणि मोहगावचं एक सालसुद्धा पुरं झालं नाही. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि ती म्हणत होती की ते स्क्रीनमुळे आहे. मी तिला म्हटलं, "ताई, हे माणसाचं कामच नाही. हे मी मशिनकडून करून घेते." तेव्हा मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होते, पायथन नुकतंच शिकले होते, आणि अंगात जितकी अक्कल होती त्याच्या दुप्पट घमेंड होती.

पहिला प्रोग्राम मी एका दुपारी लिहिला. आधी पासवर्ड देऊन दार उघडायचं, मग गाव, साल आणि पान क्रमांक बदलत बदलत एकेक पान मागवायचं, आणि लॅपटॉपमध्ये ठेवून द्यायचं. सुरू केला आणि पंपाच्या खोलीत बसून पाहत राहिले. पानं धडाधड उतरायला लागली. दीडशे, दोनशे, चारशे! मी बाबांना ओरडून सांगितलं, बाबांनी पेपर खाली ठेवला. ताई पळत आली. वाटेत तिने चार घरी सांगितलं की करुणानं आजोबाले शोधून काढलं. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात पेढ्यांची चौकशी सुरू झाली. मग मी पहिलं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, कृपया लॉगिन करें. दुसरं उघडलं. कृपया लॉगिन करें. मी शेवटपर्यंत पाहिलं. चारशे बारा पानं, आणि चारशे बाराच्या चारशे बारा पानांवर तेच एक वाक्य. बाबांनी पेपर पुन्हा उचलला. ताई म्हणाली, "आता त्या चार घरी तूच जा." आणि मी खरंच गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात लॅबच्या सरांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. वेबसाइटला आपलं तोंड लक्षात राहत नाही. आपण पासवर्ड दिला की ती एक खुणेची चिठ्ठी हातात देते, तिला कुकी म्हणतात. पुढचं प्रत्येक पान मागताना ती चिठ्ठी पुढे करावी लागते. ब्राउजर हे सगळं गुपचूप करत असतो, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. माझा प्रोग्राम पासवर्ड द्यायचा, चिठ्ठी घ्यायचा आणि तिथेच टाकून द्यायचा. पुढच्या पानाला तो नवाच माणूस म्हणून उभा राहायचा. सर म्हणाले, "तुझा प्रोग्राम चांगला आहे, फक्त विसरभोळा आहे." मग साइटचे नियम मी नीट वाचून काढले, कारण असं करायला मनाई असती तर बाबांनी लॅपटॉप टाकीत फेकला असता. मनाई नव्हती. मी ब्राउजरमधून ती चिठ्ठी शोधून काढली, लांबलचक अक्षरं-आकड्यांची माळ होती ती, आणि जशीच्या तशी प्रोग्राममध्ये लिहून टाकली. या वेळी पानं खरी उतरली. नावं दिसली! मारोती वल्द गणपत, सखाराम वल्द तुका, हिंदीत टाइप केलेली, पण आपली नावं. मी कोणाला सांगितलं नाही, कारण एकदा पोळले होते. आणि बरंच झालं. विसाव्या-पंचविसाव्या पानाला पुन्हा कृपया लॉगिन करें. मी नवी चिठ्ठी आणून लिहिली, पुन्हा विसेक पानं, पुन्हा बाहेर. असे तीन दिवस मी चिठ्ठ्यांची नक्कल करत बसले. मशिनला कामाला लावायचं म्हणून निघाले होते, आणि मशिन मला कामाला लावून मोकळं झालं होतं. महिना संपायला बारा दिवस उरले होते. त्यांतले चार-पाच दिवस रजिस्टराची सरकारी नक्कल काढायला आणि दाखला बनायला लागणार, म्हणजे हातात सातच.

त्या संध्याकाळी जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी होती, हे मला अजून आठवतं, कारण एरवी त्या चटणीसाठी मी ताईशी भांडायची आणि त्या दिवशी मी ताटात बोट फिरवत बसले होते. आई कमरेची पिशवी सोडत होती. पिशवीतून तिने पत्र्याचा एक गोल बिल्ला काढला, पिवळ्या रंगाचा, त्यावर नंबर ठोकलेला. तिने कपाळाला हात लावला. "अव माय! देऊन याचा राहूनच गेला. उद्या मुकादम बोलन मले." आणि मग माझ्याकडे पाहून, "तुले काय झालं व? तोंड कायले पाडून बसली?"

मी चिडूनच सांगितलं. की साइट दर पानाला चिठ्ठी मागते, मी चिठ्ठी दाखवते, तरी थोड्या वेळानं बाहेर काढून देते.

"म्हणजे आमच्या शेडासारखंच हाय की," आई भाकर मोडत म्हणाली. "गेटवर सकाळी लाल बिल्ला देते. पाणी प्याले गेलं तरी दाखवा, आत आलं तरी दाखवा. मुकादमाले तोंड ओळखू येत नाही, दोनशे बाया कोन ध्यानात ठेवन? आन जेवनाच्या सुट्टीत लाल घेते आन पिवळा देते. दुपारी कोनी लाल घेऊन आली का तिले गेटवर परत पाठवते. परवा नाही का, शांताबाई जेवनाच्या वक्ताले बिल्ला बदलाले आलीच नाही, झाडाखाली झोपून राहिली. आन मंग लाल बिल्ला नाचवून राहिली मुकादमापुढे, हा पाह्य माझा बिल्ला, हा पाह्य माझा बिल्ला! बिल्ला तिचाच होता, पन सकाळचा होता ना."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "आई, बिल्ला बदलून कोण देते? तू मागते का?"

"मागाचं काय त्यात? तेच देते ना हातात. आपन घ्याचा फक्त. तुही ती साइट नवा देत असन आन तू घेत नसशीन. तू काऊन जुनाच धरून बसली?"

मी ताटावरून उष्ट्या हाताने उठले आणि आईच्या शिव्या खात लॅपटॉप उघडला. साइट प्रत्येक पानासोबत काय काय पाठवते ते कधी पाहिलंच नव्हतं; मी फक्त पानावरची नावं पाहत होते. आणि तिथे होतं. दर विसेक पानांनंतर साइट पानासोबत नवीन चिठ्ठी पाठवत होती, अगदी माझ्या हातात ठेवत होती, आणि मी शांताबाईसारखी सकाळची चिठ्ठी नाचवत होते. पुढचं काम तसं लहानसं निघालं. हाताने चिठ्ठी लिहिणंच बंद केलं. प्रोग्रामला एक झोळी दिली. पासवर्डही आता तोच देणार, चिठ्ठी आली की झोळीत ठेवणार, नवी आली की जुनी टाकून देणार, आणि दर पानाला झोळीतली दाखवणार. तरीही कधी लॉगिनचं पान आलंच, तर पुन्हा पासवर्ड देऊन जिथे थांबला तिथूनच पुढे जाणार. आजच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा ते माझ्याकडे दयेने पाहतात. मॅडम, सेशन वापरलं की सगळं आपोआप होतं, एक ओळ लागते, असं म्हणतात. हो बाबांनो, एकच ओळ लागते. ती ओळ मला पुस्तकातही भेटली होती, पण आईने पिशवीतून बिल्ला काढेपर्यंत तिचा अर्थ मला कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंपाच्या खोलीत प्रोग्राम चालू केला तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. पानं पळताना पाहून ते म्हणाले, "इतकं जोरात कायले सोडून राहिली? वॉल एकदम खोलला तर पाइप फुटते. समोरच्याची लाइनपन पाहा लागते." बाबांना वेबसाइटमधलं काही कळत नव्हतं, पण म्हणणं बरोबर होतं. मी दोन पानांमध्ये दोन-तीन सेकंदांची विश्रांती घातली. मग प्रोग्राम बैलगाडीच्या चालीने पण न थांबता चालायला लागला. पंचविसावं पान गेलं. पन्नासावं गेलं. शंभरावं गेलं तेव्हा मी उठून त्या लहानशा खोलीत नाचले! बाबा म्हणाले, "सापडले का माझे बाबा?" मी म्हटलं, "नाही, पण आता आपल्याला कोणी बाहेर काढत नाही."

दीड दिवसात मोहगाव संपलं. सगळी सालं, सगळी पानं. आजोबांच्या वडिलांचं नाव लहानू, पण दशरथ वल्द लहानू असं एकही नाव नव्हतं. एक दशरथ निघाला, पण वल्द भलताच. दोन लहानू निघाले, ते स्वतःच विद्यार्थी. मी प्रोग्राम पुन्हा तपासला, नाव वेगवेगळ्या तऱ्हांनी शोधून पाहिलं. काही नाही. ताईने त्या दिवशी नर्सिंगला न्यायला म्हणून ट्रंकेतून काढलेले कपडे घडी घालून परत ट्रंकेत ठेवले. ती रडली असती तर बरं झालं असतं. बाबा एवढंच म्हणाले, "आमचे बाबा खोटं नाही बोलत होते. शाळेत गेल्ते ते." मला त्यांच्याकडे पाहवेना. हातातल्या सातांतले पाच दिवस उरले होते.

मग मी जे केलं ते हुशारीने केलं असं आजही मला म्हणता येणार नाही, जिद्दीने केलं. मी प्रोग्रामला सौंसर तालुक्यातल्या सगळ्या गावांची यादी दिली. बाबा म्हणाले, "बाकीचे गावं कायले? आपन मोहगावचे." मी म्हटलं, "बाबा, त्याला थकवा येत नाही. फिरू द्या त्याला." हाताने शोधत असतो तर आम्ही कधीच दुसऱ्या गावाकडे वळलो नसतो, हे मला पक्कं माहीत आहे. बाबा, काका, मोहगावचे भाऊबंद, सगळे आयुष्यभर मोहगाव मोहगाव करत आले होते. कोणी गाव विचारलं की बापाचं गाव सांगायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. प्रोग्रामला बापाचं गाव नव्हतं. तो आपला बिल्ला बदलत एका गावातून दुसऱ्या गावात जात राहिला, आणि दोन दिवस मी कॉलेज बुडवून त्याच्याशेजारी बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, तीनच्या सुमाराला, स्क्रीनवर एक ओळ थांबली. मी प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं की दशरथ आणि लहानू एकाच ओळीत दिसले तर थांबायचं. बोरगावच्या पलीकडचं एक लहानसं गाव. त्याचं नाव इथे लिहीत नाही, आमच्या घरात ते पुढे मामाचं गावच झालं. दशरथ वल्द लहानू. जात महार. आणणारा, सुका, मामा.

मी बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग ते स्टुलावर बसले. "सुकामामा," ते म्हणाले. "अरे, सुकामामा! आमचे बाबा सांगे ना... सुकामामाच्या खांद्यावर बसून शाळेत गेलो, नाला आला का मामा मले डोक्यावर घे. आम्हाले वाटे गोष्ट सांगून राहिले." माझ्या बाबांना मी पहिल्यांदाच रडताना पाहत होते, आणि मलाही रडू येत होतं आणि हसूही येत होतं. त्यांच्या वडिलांनी चाळीस वेळा सांगितलेली गोष्ट हाच पत्ता होता, आणि तो कोणी लिहून घेतला नव्हता. मग बाबा उठले, डोळे पुसले, बाहेर गेले, आणि आमच्या मोहल्ल्याचा वॉल पुरा खोलून टाकला. दुपारी तीन वाजता! लग्नघराला पाणी न सोडणाऱ्या माणसाने! पाच मिनिटांत मोहल्ल्यात भांड्यांचा खडखडाट सुरू झाला. बायका हंडे घेऊन धावल्या, कोणी छतावरून ओरडून विचारत होतं, आज काय झालं, कोण मंत्री आला? बाबा टाकीच्या पायरीवर उभे राहून दोन्ही हात वर करून सांगत होते, "माझे बाबा सापडले!" दहा मिनिटांनी त्यांनी वॉल बंद केला आणि वहीत वेळ लिहिली. कारण म्हणून काय लिहिलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मी धावत शेडाकडे गेले. गेटवरच्या माणसाने हात आडवा केला. "बिल्ला?" मी त्याला म्हटलं, "भाऊ, बिल्ल्यामुळेच आले," आणि गेटवरूनच आईला हाका मारायला लागले. आई हातात संत्रं तसंच धरून बाहेर आली, तिच्यामागे शांताबाई, त्यांच्यामागे पंधरा-वीस बाया. मी धापा टाकत सांगितलं, आजोबा मोहगावला नाही, मामाच्या गावी शाळेत होते. आईने कमरेवर हात ठेवला. "आता यात नवल ते काय? पहिलं बाळंतपन माहेरी होते, पोरगं मामाकडे राहते. तुह्या बाबाले एवढं मालूम नव्हतं? मले विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगतलं असतं." मग संत्रं माझ्या हातात कोंबलं आणि मला जवळ ओढून इतकं घट्ट धरलं की त्या वासाने माझा श्वास कोंडला. मागून मुकादम ओरडत होता आणि एकही बाई त्याच्याकडे पाहत नव्हती. संध्याकाळी आईने बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला, आणि त्या चार घरी मी स्वतः वाटी घेऊन गेले.

पान क्रमांक हातात असल्यावर नक्कल दोन दिवसांत मिळाली. सौंसरच्या बाबूंनी ती उलटसुलट करून पाहिली, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे कुठून काढलं बाप्पा तुम्ही? मोहगाव मोहगाव करून राहिले होते ना?" बाबा ताठ उभे होते. "बापाचं गाव मोहगाव. शाळा मामाच्या गावची," ते म्हणाले. महिना संपायच्या आदल्या दिवशी दाखला ताईच्या हातात पडला. तिने तो इतक्या वेळा वाचला की बाबूंना हसू आलं. मी आपली शिक्का वाळला की नाही ते पाहत होते.

आम्हाला वाटलं, आता घरी. पण बाबा म्हणाले, एक काम आहे, आणि सौंसरहून ऑटो करून आम्हाला तिघींनाही मामाच्या गावी घेऊन गेले. त्या दिवशी आईनेही सुट्टी घेतली होती. शाळेची जुनी इमारत अजून उभी होती, कौलारू, पुढे लांब ओसरी. बाबा ओसरीच्या एका टोकाला जाऊन थांबले. आजोबा त्यांना सांगायचे की चारही इयत्ता ते शाळेच्या ओसरीच्या टोकाला बसून शिकले. आत बसायची त्यांना मुभा नव्हती. मास्तर आतून शिकवायचे, आणि ते दाराच्या फटीतून फळा पाहायचे. ज्या एका शब्दासाठी त्यांना बाहेर बसवलं होतं, तोच शब्द त्या रजिस्टरात लिहिलेला होता आणि त्याच ओळीवर ताईची जागा पक्की झाली होती. शाळा नुकतीच सुटली होती. तिथल्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं, काय काम म्हणून विचारलं, आणि बाबांनी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी वर्गाचं दार पूर्ण उघडलं आणि त्या बाजूला झाल्या.

ताईने चपला काढल्या. दाखल्याची फाइल छातीशी धरून ती आत गेली आणि अगदी पहिल्या बाकावर, फळ्यासमोर बसली. बाक लहान मुलांचा, तिचे गुडघे वर आले होते. आई दारात उभी राहून पाहत होती. बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. "बस पोरी," ते म्हणाले, "पाहिजे तितकं बस. आज मले कोनताच वॉल खोलाचा नाही."